ऑनलाइन बाजारात विक्रेत्याचे पैसे कुणाच्या हातात असतात? गोव्यातले विक्रेते आणि साइट चालवणारे यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चवथ जवळ आली की फोंड्यातल्या आमच्या हिशेब-करसल्ल्याच्या कार्यालयात दोन प्रकारची माणसं येतात. काहींचा माल गेलेला असतो, गिऱ्हाइकाने पैसे भरलेले असतात, पण खात्यात ते आलेले नसतात किंवा कमी आलेले असतात. बाकीची तरुण मंडळी असतात. त्यांनी गावातल्या स्वयंसाहाय्य गटांचा माल विकणारी साइट काढलेली असते आणि येणारे पैसे कुठे ठेवायचे हे त्यांना ठाऊक नसतं. दोघांचेही प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. 'साइट' म्हणजे अनेक विक्रेत्यांचा माल विकणारा ऑनलाइन बाजार, मग ती वेबसाइट असो की अ‍ॅप. 'पीए' म्हणजे पेमेंट अ‍ॅग्रिगेटर, गिऱ्हाइकाचे पैसे गोळा करून विक्रेत्यापर्यंत पोचवणारी कंपनी.

गिऱ्हाइकाने पैसे भरले. मग ते माझ्या खात्यात येईपर्यंत असतात कुठे?

एस्क्रो खात्यात. हे खातं पीए एखाद्या अनुसूचित वाणिज्य बँकेत उघडते. त्यात कोणते पैसे जमा व्हायचे आणि कोणत्या कारणासाठी बाहेर जायचे, हे रिझर्व्ह बँकेने ठरवून दिलं आहे. विक्रेत्याला रक्कम देणं, गिऱ्हाइकाला परतावा देणं, ठरलेल्या दराने कमिशन वळतं करणं अशी मोजकी कारणं त्यात बसतात. त्या पैशातून पीएला आपल्या माणसांचे पगार देता येत नाहीत. आपल्या दुसऱ्या धंद्याचे पैसे त्यात मिसळताही येत नाहीत.

मनिऑर्डर घेऊन येणाऱ्या पोस्टमनच्या पिशवीतले पैसे पोस्टमनचे नसतात, तसंच हे. खाली आलेले बहुतेक सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात. कुठल्याही साइटशी करार करताना पहिला प्रश्न हाच विचारावा: मधल्या काळात पैसे कुणाच्या नावाच्या खात्यात पडून असतात? उत्तर 'आमच्या कंपनीच्या चालू खात्यात' असं आलं, तर करार तिथेच थांबवावा.

हे नियम आले कधी?

मूळ कायदा २००७ चा, पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स अ‍ॅक्ट. त्याच्या कलम ४ नुसार रिझर्व्ह बँकेच्या परवानगीशिवाय कुणालाही पेमेंट यंत्रणा चालवता येत नाही. ऑनलाइन खरेदीतल्या मध्यस्थांकडे रिझर्व्ह बँकेने पहिल्यांदा लक्ष दिलं ते २४ नोव्हेंबर २००९ च्या निर्देशांनी. गिऱ्हाइकाचे पैसे मध्यस्थाच्या स्वतःच्या खात्यात न जाता बँकेच्या अंतर्गत खात्यात जावेत, असं त्यात म्हटलं होतं. जुने व्यापारी अजून 'नोडल खातं' म्हणतात ते हेच. पण त्या वेळी मध्यस्थाला परवाना लागत नव्हता. देखरेख खातं ठेवणाऱ्या बँकेमार्फत, म्हणजे लांबून होती.

१७ मार्च २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनी ते बदललं. बँक नसलेल्या पीएला थेट रिझर्व्ह बँकेची परवानगी सक्तीची झाली आणि नोडलच्या जागी एस्क्रो आलं. विक्रीचा मंच आणि पैसे हाताळणं अशी दोन्ही कामं करणाऱ्या साइटना पैशाचं काम ३० जून २०२१ पर्यंत वेगळं काढून त्यासाठी अर्ज करायला सांगितलं. पुढे १५ सप्टेंबर २०२५ च्या मास्टर डायरेक्शनने सगळं एका छत्राखाली आणलं. आता पीए तीन प्रकारचे आहेत: ऑनलाइन, दुकानात समोरासमोर पैसे घेणारे आणि सीमापार व्यवहार करणारे.

आम्ही पाच जणांनी साइट काढली आहे. सगळे पैसे आमच्या चालू खात्यात घेतो आणि दर शनिवारी विक्रेत्यांना जीपे करतो. चालेल ना?

नाही.

इथे 'आमची उलाढाल किती लहान' ही सबब चालत नाही. लोकांचे पैसे गोळा करायचे, काही दिवस सांभाळायचे आणि दुसऱ्याला द्यायचे हे कामच पीएचं आहे. ते परवान्याशिवाय केलं तर कायद्याच्या कलम २६ मध्ये दंड आणि तुरुंगवास दोन्ही आहेत. पेडण्यातल्या एखाद्या छोट्या साइटच्या दारात उद्या कुणी येऊन उभं राहील असं मला वाटत नाही. पण कायदा आड येण्याच्या बराच आधी दुसरे तीन घोळ होतात आणि ते मी दरवर्षी पाहतो.

पहिला घोळ आयकराचा. वर्षाअखेरी खात्यात तीस लाख जमा दिसतात. त्यातले सत्तावीस लाख विक्रेत्यांचे असतात, पण कागदावर ती साइटची उलाढाल वाटते. शनिवारच्या प्रत्येक जीपेमागे कुठली ऑर्डर होती हे दाखवणारी वही नसेल, तर समजावताना दमछाक होते. दुसरा घोळ बँकेचा. चालू खातं उघडताना सांगितलेल्या धंद्याशी व्यवहार जुळत नसतील तर बँक खुलासा मागते. कधी खातंच थांबवते, आणि मग सगळ्या विक्रेत्यांचे पैसे एकदम अडकतात. तिसरा घोळ माणसांचा असतो. खात्यात पैसे दिसत असतात, पॅकिंगच्या खोक्यांचं बिल आलेलं असतं, 'शनिवारपर्यंत भरून काढू' म्हणून त्यातून दिलं जातं. तो शनिवार एकदा चुकला की गावातली नाती तुटतात.

मग परवाना आम्हीच काढला तर?

अर्ज करताना १५ कोटी रुपयांचं निव्वळ मूल्य लागतं. परवानगी मिळाल्यावर तिसऱ्या आर्थिक वर्षाच्या अखेरीस ते २५ कोटींवर न्यावं लागतं. त्याशिवाय सायबर सुरक्षेचं लेखापरीक्षण, तक्रार निवारणासाठी नोडल अधिकारी आणि संचालकांची पात्रता तपासणी. मोठ्यांनाही हा सौदा नेहमी परवडत नाही. झोमॅटोच्या पेमेंट कंपनीला जानेवारी २०२४ मध्ये पीएची परवानगी मिळाली आणि त्याच वर्षी कंपनीने ती आपणहून परत करायचं ठरवलं. तेव्हा हा विचार सोडा आणि परवानाधारक पीएच्या सेवेवर चला. नाव पक्कं करण्याआधी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरच्या परवानगीप्राप्त संस्थांच्या यादीत ते आहे का, हे पाहून घ्या. विक्री प्रतिनिधीच्या बोलण्यावर जाऊ नका. २०२२ च्या अखेरीस रिझर्व्ह बँकेने रेझरपे आणि कॅशफ्रीसारख्या मोठ्या कंपन्यांनाही नवे व्यापारी जोडायचं थांबवायला लावलं होतं. अंतिम परवानगी २०२३ च्या डिसेंबरात मिळाल्यावर ते पुन्हा सुरू झालं.

पीए घेतली. पण पैसे पाच विक्रेत्यांना वाटायचे कसे?

बहुतेक पीएंकडे 'स्प्लिट' ची सोय असते. गिऱ्हाइकाने एकदाच ८०० रुपये भरले आणि टोपलीत काणकोणची खोला मिरची, डिचोलीचं खाजं असा दोघांचा माल असला, तर पीए एस्क्रोमधूनच तीन वाटे करते: मिरचीवालीचा, खाजेवाल्याचा आणि तुमच्या कमिशनचा. तुमच्या खात्यात फक्त कमिशन येतं. बाकीचे पैसे तुमच्या हातून जातच नाहीत. तुमच्या दृष्टीने यात मोठी सुटका आहे.

यासाठी प्रत्येक विक्रेत्याची पीएकडे स्वतंत्र नोंदणी आणि केवायसी लागते, कारण ज्या व्यापाऱ्याशी करार आहे त्याच्याचसाठी पीएने पैसे गोळा करायचे असतात. गावात काम अडतं ते इथेच. गटाचं बँक खातं गटाच्या नावावर असतं, पॅन अध्यक्षबाईंचं दिलेलं असतं आणि साइटवर नाव तिसरंच असतं. तिन्ही नावं जुळेपर्यंत पीए पैसे सोडत नाही. गटाच्या नावाचा पॅन काढून घ्या आणि अध्यक्ष-सचिव बदलले की बँकेतल्या सह्याही बदला. ही कामं चवथीच्या हंगामात करायला घेऊ नका. जूनमध्येच उरकून घ्या.

आम्ही पैशाला हातच लावत नाही. साइटवर फक्त फोटो आणि नंबर, गिऱ्हाईक थेट विक्रेत्याच्या क्यूआरवर पैसे टाकतं. आम्हाला काहीच नियम नाहीत ना?

पेमेंटचे बहुतेक नियम टळतात, कारण पैसे तुम्ही गोळा करत नाही. जीएसटीतला टीसीएसही, म्हणजे साइटने विक्रेत्याच्या रकमेतून कापून सरकारला भरायचा कर, टळतो. तो कापायचा असतो जेव्हा मालाची रक्कम साइट गोळा करते तेव्हा.

आयकर मात्र टळत नाही, आणि हे ऐकून भलेभले दचकतात. साइटमार्फत झालेल्या विक्रीवरच्या टीडीएसच्या (पैसे देतानाच कापायच्या आयकराच्या) तरतुदीत, म्हणजे जुन्या कायद्यातल्या कलम १९४-ओ मध्ये, गिऱ्हाइकाने विक्रेत्याला थेट दिलेली रक्कमही साइटनेच दिली असं धरलं आहे. म्हणजे विक्री तुमच्या साइटमार्फत झाली असेल, तर पैसे तुमच्याकडे आलेले नसतानाही टीडीएस भरायची जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते. नुसती जाहिरात आणि साइटवरून झालेली विक्री यांतली सीमा बारीक आहे. ऑर्डरचं बटण साइटवर असेल तर मी तिला विक्रीच समजून चालतो.

पैसे किती दिवसांत मिळायला हवेत?

२०२० च्या तत्त्वांनी याची चौकट घालून दिली आणि करारांतून तीच भाषा अजून दिसते. माल पोचवायची जबाबदारी पीएची असेल तर माल रवाना झाल्याची खबर आल्यापासून एका दिवसात. ती विक्रेत्याची असेल तर माल पोचल्याची खात्री झाल्यापासून एका दिवसात. आणि परताव्याची मुदत संपेपर्यंत रक्कम धरून ठेवायचं करारात ठरलं असेल तर ती मुदत संपल्यापासून एका दिवसात.

विक्रेते अडकतात ते या तिसऱ्या प्रकारात. साइट गिऱ्हाइकाला 'सात दिवसांत परत करा' असं सांगते. माल दिल्लीला पोचायला पाच दिवस लागतात, त्यावर हे सात. मध्ये रविवार आणि बँकेची सुट्टी आली की दोन आठवडे गेले. यात साइटने नियम मोडलेला नसतो, तुम्हीच त्यावर सही केलेली असते. खाण्याच्या वस्तू परत घेतल्या जात नाहीत, त्यामुळे त्यांना परताव्याची मुदत लावू नका, असं साइटला लेखी कळवून पाहा. काही साइट ऐकतात.

गिऱ्हाइकाने १,०५० रुपये भरले. माझ्या खात्यात ९०१ रुपये २२ पैसे आले. बाकीचे कुणी खाल्ले?

हिशेब एकदा पेनाने मांडून पाहू. समजा विक्रेता जीएसटी नोंदणीकृत आहे, खारवलेल्या काजूंच्या डब्याची करपात्र किंमत १,००० रुपये आणि त्यावर ५ टक्के जीएसटी. गिऱ्हाइकाने १,०५० भरले. साइटचं कमिशन १० टक्के धरलं तर १०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १८ रुपये. पेमेंट शुल्क २ टक्के म्हणजे २१ रुपये, त्यावरचा जीएसटी ३ रुपये ७८ पैसे. मग जीएसटीचा टीसीएस, करपात्र किमतीवर अर्धा टक्का, ५ रुपये. आणि आयकराचा टीडीएस ०.१ टक्का, १ रुपया. एकूण १४८ रुपये ७८ पैसे गेले, हातात ९०१.२२. पोचवण्याचा खर्च यात धरलेला नाही.

यातले सगळे पैसे गेलेले नाहीत. टीसीएसचे ५ रुपये तुमच्या जीएसटीच्या रोख खातेवहीत जमा होतात, टीडीएसचा १ रुपया आयकरात वळता होतो आणि कमिशन व शुल्कावरच्या जीएसटीचे २१ रुपये ७८ पैसे इनपुट क्रेडिट म्हणून, म्हणजे तुम्ही भरायच्या जीएसटीतून वजा होऊन, मिळतात. खरा खर्च १२१ रुपयांचा. पण टीसीएस जीएसटी पोर्टलवर जाऊन स्वीकारावा लागतो, तो आपोआप जमा होत नाही. आणि ९०१ मधले ५० रुपये गिऱ्हाइकाकडून घेतलेला जीएसटी आहे, ते सरकारला भरायचे आहेत. ते आपलेच समजून खर्च केले की विवरणपत्राच्या तारखेला धावपळ होते.

दरांविषयी: टीसीएस १ ऑक्टोबर २०१८ पासून १ टक्का होता, १० जुलै २०२४ पासून अर्धा झाला. टीडीएस १ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाला, कोविडच्या सवलतीमुळे ३१ मार्च २०२१ पर्यंत तो ०.७५ टक्के होता, मग १ टक्का झाला आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का आहे. जुनं सॉफ्टवेअर वापरणारी साइट अजून जुन्या दराने कापते आहे का, तेवढं पाहून घ्या.

माझी विक्री वर्षाला चार-पाच लाखांची. साइटवर विकायला जीएसटी नोंदणी लागेलच का?

गोव्यात मालाच्या विक्रीला जीएसटी नोंदणीची मर्यादा ४० लाखांची आहे. पूर्वी साइटवरून विकणाऱ्याला ही मर्यादा मिळत नसे, पहिल्या रुपयापासून नोंदणी लागे. १ ऑक्टोबर २०२३ पासून सवलत आली: उलाढाल मर्यादेच्या आत असेल, पॅन असेल, जीएसटी पोर्टलवरून नावनोंदणी क्रमांक घेतला असेल आणि विक्री राज्याच्या आतच असेल, तर पूर्ण नोंदणीशिवाय साइटवर विकता येतं. अशा विक्रेत्याकडून साइट टीसीएसही कापत नाही.

सगळी गोम 'राज्याच्या आत' या शब्दांत आहे. महाराष्ट्रातल्या उद्योजकाला चांद्यापासून बांद्यापर्यंत माल पाठवता येतो. आमच्या पेडण्याच्या बाईने त्याच बांद्याला सोलांचं पाकीट पाठवलं की ती आंतरराज्य विक्री. दोडामार्गचं गिऱ्हाईक डिचोलीच्या बाजारात स्वतः येऊन पिशवीभर घेऊन गेलं तर प्रश्न नाही, पण त्याच्या घरी पार्सल गेलं की सवलत गेली. काणकोणहून कारवारला पाठवतानाही तेच. एवढ्याशा राज्यात ही सवलत किती कामाची, हे ज्याने त्याने ठरवावं. पणजी-मडगावच्या गिऱ्हाइकांवर भागत असेल तर घ्या, मुंबई-पुण्याच्या ऑर्डरी हव्या असतील तर सरळ नोंदणी करा. साइट चालवणाऱ्यांनी अशा विक्रेत्यांच्या मालासाठी गोव्याबाहेरचे पिनकोड बंद ठेवावेत, कारण आंतरराज्य विक्री होऊ न देण्याची जबाबदारी त्यांच्यावरही आहे.

टीसीएस कापणाऱ्या साइटला स्वतःला मात्र कुठलीच मर्यादा नाही. पहिल्या रुपयापासून नोंदणी आणि दर महिन्याच्या १० तारखेपर्यंत जीएसटीआर-८, म्हणजे टीसीएसचं विवरणपत्र.

पाच लाखांच्या आत टीडीएस कापत नाहीत असं ऐकलं. आमच्या गटाचा का कापला?

कारण ती सूट व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंब यांनाच आहे, तीही पॅन किंवा आधार दिलेला असेल तर. गट ही व्यक्ती नव्हे, हिंदू अविभक्त कुटुंबही नव्हे, म्हणून पहिल्या रुपयापासून ०.१ टक्का जातो. लाखाला शंभर रुपये, विवरणपत्र भरलं की करात वळते होतात किंवा परत मिळतात. पॅनच दिला नसेल तर कपात ५ टक्क्यांची होते आणि ती जाणवते.

घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना देतो, बुकिंग साइटवरून येतं. आम्हाला हेच नियम?

पैशाचा मार्ग तोच, कराचा वेगळा. राहण्याच्या सोयीसाठी जीएसटी कायद्याचं कलम ९(५) लागतं: तुमची उलाढाल सेवांसाठीच्या २० लाखांच्या मर्यादेत असेल आणि तुम्हाला नोंदणी लागत नसेल, तर खोलीवरचा जीएसटी साइट स्वतः भरते. रोजच्या ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के आहे. अशा बुकिंगवर टीसीएस नाही, आयकराचा टीडीएस मात्र लागू. पैसे बहुधा पाहुणा दाखल झाल्यावर सुटतात, तोपर्यंत रद्द होण्याची शक्यता साइट धरून चालते. पर्यटन खात्याकडची नोंदणी १९८२ च्या गोवा पर्यटक व्यापार नोंदणी कायद्याखाली लागते. तिचा पेमेंटशी संबंध नाही, पण प्रमाणपत्र नसेल तर काही साइट खातं उघडत नाहीत.

परदेशातल्या गिऱ्हाइकाला हाताने रंगवलेल्या अझुलेझो फरशा विकायच्या आहेत.

सीमापार परवानगी असलेली पीए निवडा. ३१ ऑक्टोबर २०२३ ला रिझर्व्ह बँकेने हा वेगळा वर्ग केला आणि एका नगाची किंमत २५ लाख रुपयांपर्यंत असण्याची मर्यादा घातली. फरशांना ती भरपूर झाली. देशांतर्गत आणि परदेशी पैसे एकाच खात्यात मिसळत नाहीत. परकीय चलन आल्याचा कागद पीएकडून दर वेळी मागून घ्या, निर्यातीचे पैसे आल्याचा तो पुरावा असतो. नातेवाइकाच्या लंडनच्या खात्यात पैसे घ्यायचे आणि त्याने गावी पाठवायचे, ही पद्धत सोडा. तशा पैशाला निर्यातीचा पुरावा उरत नाही.

यूपीआय फुकट आहे म्हणतात. मग पीए दोन टक्के कशाचे घेते?

१ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर व्यापाऱ्याकडून एमडीआर, म्हणजे पेमेंट स्वीकारल्याबद्दलचं बँकेचं शुल्क, घेता येत नाही, हे खरं. पण पीए आपल्या सेवेचं शुल्क वेगळं लावते आणि अनेक कंपन्या सगळ्या मार्गांना एकच सपाट दर लावून टाकतात. क्रेडिट कार्डाचा खर्च खराच असतो. तुमची बहुतांश गिऱ्हाइकं यूपीआयवाली असतील तर मार्गवार दर मागा. मागणाऱ्याला मिळतो, असा अनुभव आहे.

साइटचं गिफ्ट कार्ड किंवा वॉलेट काढलं तर?

जपून. एकच दुकान स्वतःच्याच मालासाठी कार्ड काढत असेल तर ती बंद प्रणाली, तिला परवानगी लागत नाही. पण तुमच्या साइटवर दुसऱ्यांचा माल आहे. गिऱ्हाइकाने ५०० रुपये आगाऊ भरले आणि ते वेगवेगळ्या विक्रेत्यांकडे खर्चता आले, की ते बंद प्रणालीत बसत नाही आणि प्रीपेड साधनांचे २०२१ चे निर्देश लागू होतात. सूट हवी तर सूट-कूपन द्या, त्यात कुणाचे पैसे आगाऊ घेतलेले नसतात.

दारात रोख घेतली तर हे सगळं टळेल?

काही टळेल. २०२० ची तत्त्वं आगाऊ भरलेल्या पैशांसाठी होती, माल हातात आणि पैसे हातात असा व्यवहार त्यांबाहेर ठेवला होता. कर मात्र दोन्ही तसेच राहतात. शिवाय कुरियरवाला ती रोख आठवड्याने भरतो, आणि आमच्याकडे 'घरात कोण नाही, उद्या या' म्हणून परत आलेल्या पार्सलांचं प्रमाण रोखीतच जास्त.

गिऱ्हाइकाला परतावा कसा द्यायचा?

ज्या मार्गाने पैसे आले त्याच मार्गाने. गिऱ्हाइकाने मान्य केलं तरच दुसऱ्या मार्गाने. 'काका, तुमचा नंबर द्या, मी जीपे करते' असं म्हणून विक्रेती स्वतःच्या खात्यातून पैसे पाठवते आणि गिऱ्हाईक कार्ड कंपनीकडेही तक्रार करतं. मग पैसे दोनदा जातात. पेमेंट अर्धवट राहिलं, गिऱ्हाइकाच्या खात्यातून गेले पण साइटला कळलंच नाही, तर तो परतावा द्यायचं काम तुमचं नाही. २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार पाच दिवसांत ते आपोआप परत जायला हवेत, नंतर दर दिवसाला १०० रुपये भरपाई. गिऱ्हाइकाला तेवढं सांगा.

साइट बुडाली तर माझे अडकलेले पैसे?

पैसे एस्क्रोत असतील तर बरीच सुरक्षितता आहे. २०२० च्या तत्त्वांनी पीएंच्या कामाला २००७ च्या कायद्याचं कलम २३ए लागू केलं, त्यामुळे त्या खात्यातली शिल्लक ज्यांची देणी आहेत त्यांच्यासाठी राखीव राहते. पैसे साइटच्या स्वतःच्या खात्यात असतील तर तुम्ही रांगेतले एक येणेकरी. दिवाळखोरीत आधी तारण असलेल्या बँका, मग इतर, आणि तुमचं नाव यादीत खूप खाली.

फेणी विकू शकतो का?

फेणीला २००९ पासून जीआय (भौगोलिक मानांकन) आहे म्हणून ती पोस्टाने पाठवता येते असं नाही. अबकारी परवाना आधी, आणि राज्याबाहेर पाठवणं त्या राज्याच्या कायद्यावर. पीएसुद्धा मद्याच्या व्यापाऱ्याला सहजासहजी घेत नाहीत.

पैसे अडकले. तक्रार कुठे करू?

आधी कारण शोधा, कारण दरवाजा त्यावर ठरतो. केवायसी अपुरी असेल तर पीएच्या नोडल अधिकाऱ्याला लिहा. त्याचं नाव-पत्ता संकेतस्थळावर ठळकपणे असणं बंधनकारक आहे. साइटने करारापेक्षा जास्त दिवस पैसे धरले असतील तर तो कराराचा वाद आहे. अशा वेळी करारात लवादाचं ठिकाण कुठलं लिहिलं आहे ते पाहा. बहुतेकदा बेंगळुरू किंवा गुरुग्राम असतं, आणि आठ हजार रुपयांसाठी तिथे कुणी जात नाही. म्हणूनच मी ते कलम सही करण्याआधी वाचायला सांगतो.

बँकेने खातं गोठवलं असेल तर शाखेत जाऊन कुठल्या राज्याच्या पोलिसांनी कुठल्या तक्रारीवरून आदेश दिला, त्याचा क्रमांक लेखी मागा. फसवणुकीचे पैसे तुमच्याकडे खरेदीच्या रूपाने आलेले असू शकतात. बिल, पोचपावती, गिऱ्हाइकाशी झालेलं बोलणं आणि पीएचं सेटलमेंट विवरण जोडून त्या पोलिस ठाण्याला मेल करा. रक्कम लहान असेल तर पूर्ण खातं न गोठवता तेवढीच रक्कम अडवून ठेवायची विनंती त्यात करा. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, त्याला शुल्क नाही.

गिऱ्हाइकाची बाजू वेगळी आहे. २०२० च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांखाली साइटला तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निकाल लावायचा असतो. विक्रेता म्हणून ती मुदत तुम्हाला मिळत नाही, पण तुमच्या मालाबद्दलच्या तक्रारीत तुमचं म्हणणं त्याच मुदतीत साइटकडे पोचायला हवं, म्हणून साइटचे मेल रोज उघडत जा.